करवत उसळते तेव्हा



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. रस्त्यांवर झाडंच झाडं! कुऱ्हाडीनं ती तोडायची तर किती दिवस लागले असते कोण जाणे. तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान एक यंत्र घेऊन आले. घर्रर्र आवाज, भुशाचा फवारा, की खोडाचे दोन तुकडे! हे यंत्र म्हणजे चेनसॉ, साखळीची करवत. गावाकडे नुसतं ‘कटर’ म्हणतात. हल्ली ते बागायतदारांच्या घरीही दिसतं. म्हणून आजचं पान वाचताना आई-बाबांनाही शेजारी बसवा.

सायकलची चेन आठवा. तशीच एक साखळी इथे लांबट, चपट्या पात्याच्या कडेनं फिरते. तिला दात असतात, काही डावीकडे वळलेले, काही उजवीकडे. ही युक्ती कुणाला सुचली माहीत आहे? १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. तिचे जबडे डावी-उजवीकडे चालत होते आणि आडवं-उभं कसंही लाकूड ती सहज पोखरत होती. कॉक्सनं तसेच दात साखळीला बसवले. (अळीला कुणी बक्षीस दिलं नाही, ही गोष्ट वेगळी!)

आता नीट लक्ष द्या हं. साखळी पात्याच्या वरच्या कडेनं माणसापासून दूर धावते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेनं परत येते. वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! खालच्या कडेनं कापताना यंत्र पुढे ओढलं जातं, वरच्या कडेनं कापताना ते माणसाकडे ढकललं जातं. हे धक्के शिकलेल्या माणसाला पेलतात. खरा धोका आहे पात्याच्या टोकाच्या वरच्या भागात. तिथे दात पुढून खाली वळत असतात. नेमका तेवढा भाग एखाद्या ओंडक्याला टेकला, की दात लाकडात रुततात आणि साखळी क्षणभर अडते. मग साखळीचा सगळा जोर पात्यालाच उलटा फेकतो. पातं ताडकन वर उसळतं आणि चालवणाऱ्याच्या मानेकडे, तोंडाकडे येतं. याला ‘किकबॅक’ म्हणतात. यंत्रानं मारलेली लाथच ती! वरच्या वर्गातल्या मुलांना यात न्यूटनचा तिसरा नियम दिसला असेल. दातांनी लाकडाला खाली ढकललं, लाकडानं दातांना वर ढकललं.

“पण मी सावध असेन, लगेच आवरीन,” असं कुणी म्हणेल. त्याच्यासाठी एक प्रयोग. ताईला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. तुमची चिमूट खाली शून्यापाशी उघडी ठेवा. ताईनं न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. बहुतेकांच्या चिमटीतून १५ ते २० सेंटिमीटर पट्टी निसटतेच. २० सेंटिमीटर पडायला पट्टीला सुमारे ०.२ सेकंद लागतो. पात्याची उसळी साधारण ०.१ सेकंदात येऊ शकते! म्हणजे हाताला कळायच्या आत सगळं घडून गेलेलं असतं.

तेव्हा जी काळजी घ्यायची ती आधीच. डाव्या हाताच्या पुढे ढालीसारखी एक पट्टी असते. यंत्र उसळलं की ती मनगटावर आपटून किंवा झटक्यानंच पुढे सरकते, ब्रेक लागतो आणि साखळी डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबते. कापताना मधे येते म्हणून काही जण ही पट्टी काढून ठेवतात. मला तर हे अजिबात पटत नाही. सायकलचा ब्रेक कुणी काढून ठेवतं का? यंत्र दोन्ही हातांनी धरायचं, डावा अंगठा मुठीखालून घट्ट वळवायचा. डोकं पात्याच्या रेषेत आणायचं नाही, थोडं डावीकडे उभं राहायचं. पातं खांद्याच्या वर न्यायचं नाही. शिडीवर चढून, पायात चपला घालून, एका हातानं फांदी छाटणारे काका तुम्हीही पाहिले असतील. त्यांना हे पान जरूर वाचायला द्या.

आणि तुम्ही? यंत्राला हात लावायचाच नाही, बंद असलं तरी. झाड पाडत असतील तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर थांबा. डबा द्यायला गेलात तर मागून जाऊन खांद्यावर हात ठेवू नका. कानावर आवरण असतं, त्यांना तुमची हाक ऐकू येत नाही. दचकून ते वळले तर चालू करवतही वळणार! समोरून, लांबून हात हलवा आणि इंजिन बंद होईपर्यंत वाट पाहा.

वादळात पडलेल्या झाडाची आणखी एक खोडी आहे. त्याच्या काही फांद्या जमिनीत दबून धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. कापताच त्या सपकन सुटतात. मुळांसकट उपटलेलं झाड कापलं, की वजन कमी झालेला बुंधा कधी कधी पुन्हा उभा राहतो आणि मुळं धाडकन खड्ड्यात बसतात. लपाछपीला तो खड्डा किती छान वाटतो ना! त्यात उतरायचं नाही, धाकट्यांनाही उतरू द्यायचं नाही.

पट्टीच्या प्रयोगात किती सेंटिमीटर आले ते पोस्टकार्डावर नक्की कळवा. आजी-आजोबांचा आकडाही हवा बरं का!