ॲप तुमच्या लॅपटॉपवर चालू दे, मगच शेवटचा हप्ता द्या



आज थोडं स्पष्ट बोलतो. तुम्ही पैसे मोजून ऑर्डर घेणारं वेब ॲप बनवून घेतलंत, पण ते स्वतःच्या लॅपटॉपवर एकदाही चालवून बघितलं नाही, तर ते ॲप अजून तुमच्या ताब्यात आलेलं नाही. माझं मत सरळ आहे. फ्रंटएंड तुमच्या मशीनवर, तुमच्यासमोर सुरू झाल्याशिवाय डेव्हलपरला शेवटचा हप्ता देऊ नका.

"सर, मला कोडिंग येत नाही, मी हे कशाला करू?" जुनी गाडी घेताना तुम्ही इंजिन खोलून बसत नाही. पण चावी फिरवून बघता, आरसी नावावर झालं का विचारता. हे तेवढंच काम आहे.

फ्रंटएंड म्हणजे दुकानाचा काउंटर: मालाची यादी, कार्ट, पत्त्याचा फॉर्म. बॅकएंड म्हणजे मागचं गोडाऊन आणि हिशोबाची वही. आज आपण काउंटरबद्दल बोलतोय.

डेव्हलपर म्हणतो, "साइट लाइव्ह आहे ना, मग झालं!" इथेच गफलत होते. लाइव्ह साइटवर सहसा बिल्ड केलेला कोड असतो, म्हणजे दाबून, एकत्र करून लहान केलेला. ब्राउझरला तो चालतो, पण उद्या दुसऱ्या डेव्हलपरला त्यात नीट बदल करता येत नाही. पिठातून गहू परत मिळत नाहीत, तसंच. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा मसाल्यांचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या तोंडावर दर बदलायचे होते, डेव्हलपर फोन उचलेना, आणि हातातल्या पेनड्राइव्हमध्ये नुसतं बिल्डचं फोल्डर. दर कोडमध्येच लिहिलेले होते. शेवटी काउंटर पहिल्यापासून बांधावा लागला, आणि सीझन गेला तो गेलाच.

आता चालवून बघायचं म्हणजे काय? समजा, तुमचं ॲप रिॲक्ट आणि वीट या टूलवर बनलंय. (हो, उच्चार आपल्या विटेसारखाच!)

१. लॅपटॉपवर नोड जेएस टाका. साधारणपणे एलटीएस व्हर्जन घ्यावं, पण तुमच्या प्रोजेक्टला नेमकं कोणतं लागतं ते डेव्हलपरकडून लिहून घ्या.

२. सोर्स कोड तुमच्या स्वतःच्या गिटहब खात्यावर ठेवायला सांगा. खातं तुमचं, डेव्हलपर त्यात सदस्य. तिथून कोड लॅपटॉपवर उतरवा.

३. त्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून 'एनपीएम सीआय' ही कमांड द्या. ती लॉक फाइल वाचते आणि त्यात लिहिलेल्या नेमक्या व्हर्जनची पॅकेजेस आणते. त्यातून 'नोड मॉड्यूल्स' नावाचं भलंमोठं फोल्डर तयार होतं. ते पेनड्राइव्हवर मागू नका, ते कधीही पुन्हा बनतं. लॉक फाइल मात्र मागाच.

४. सेटिंगची 'ईएनव्ही' फाइल घ्या. बॅकएंडचा पत्ता वगैरे त्यात असतो. ती सहसा गिटहबवर ठेवत नाहीत, म्हणून वेगळी मागावी लागते. ॲप उघडतं पण मालाची यादी रिकामी दिसते, तेव्हा आधी हीच फाइल तपासा. आणि यात पेमेंट गेटवेची सिक्रेट की दिसली तर तिथेच थांबा. फ्रंटएंडच्या सेटिंगमधली माहिती ग्राहकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचू शकते. सिक्रेट कीची जागा बॅकएंडला.

५. 'एनपीएम रन डेव्ह' ही कमांड द्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ५१७३ उघडा. काउंटर दिसला? शाब्बास!

जुनं ॲप क्रिएट रिॲक्ट ॲपवर असेल तर कमांड 'एनपीएम स्टार्ट' आणि पोर्ट बहुतेक ३०००. पण नव्या ॲपसाठी ते टूल वापरू नका, असं रिॲक्टच्या टीमनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलंय. आज कुणी नवीन काम त्यावर करून देत असेल, तर कारण विचारा.

दोन गोष्टी जपा. लोकलहोस्टची लिंक ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. तो पत्ता म्हणजे 'हेच मशीन', त्यामुळे त्याच्या फोनवर तो त्याच्याच फोनमध्ये शोधला जाईल. दुसरं, काउंटर लोकल असला तरी मागची वही लाइव्ह असू शकते. अशा वेळी तुम्ही गंमत म्हणून टाकलेली ऑर्डर खऱ्या ऑर्डरमध्ये जाऊन बसेल. म्हणून टेस्ट बॅकएंडचा पत्ता मागून घ्या.

काही डेव्हलपर म्हणतील, "हे शिकवण्यात माझा वेळ जातो." बरोबर आहे, त्याच्या वेळेचे पैसे द्या. कोटेशनमध्येच एक ओळ टाका: 'क्लायंटच्या मशीनवर चालवून दाखवणे.' प्रामाणिक डेव्हलपरला यात फायदाच आहे. काम पूर्ण झाल्याचा पुरावा मिळतो आणि पेमेंट अडकत नाही.

शॉपिफायसारख्या तयार प्लॅटफॉर्मच्या थीमवर दुकान असेल, तर यातलं बरंचसं लागू होत नाही. तिथे तुम्ही भाड्याच्या गाळ्यात आहात, आणि ते समजून उमजून घेतलंय. पण स्वतःचं ॲप म्हणून पैसे मोजले असतील, तर मालकीही पूर्ण घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: डेव्हलपरला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. सोर्स कोड कुणाच्या खात्यावर आहे? लॉक फाइल आहे का? सेटिंगची फाइल कधी देताय? उत्तरं वहीत लिहा, तारखेसकट. एखाद्या उत्तराला टाळाटाळ झाली, तर कामाला लागा. अजून सगळं सुरळीत आहे, तोवरच हे सोपं आहे.