समुद्राला जनगणना कळत नाही

किनाऱ्यापासून किती अंतर सोडून बांधकाम करायचे, हे आपल्याकडे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेनुसार ठरते. पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली, दुसरी २०११ मध्ये आणि सध्याची जानेवारी २०१९ मध्ये.

२०११ च्या नियमात ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून सर्वसाधारणपणे २०० मीटर पट्टा 'ना विकास क्षेत्र' होता. २०१९ मध्ये त्याचे दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती असेल, तर किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावर हा पट्टा ५० मीटर. इतरत्र २०० मीटरच. खाडीकाठची मर्यादाही १०० वरून ५० मीटरवर आली. खाडीची रुंदी त्याहून कमी असेल, तर तेवढीच.

यामागचे कारण खोटे नाही. दाट वस्तीच्या गावांत, कोळीवाड्यांत कुटुंबे वाढली, पण घर वाढवायला परवानगी मिळेना. मात्र निसर्गाचा हिशेब उलटा आहे. जिथे माणसे जास्त, तिथे उधाणाच्या पाण्याने होणारे नुकसानही जास्त. नेमके तिथेच आपण समुद्राच्या अधिक जवळ जात आहोत.

किनाऱ्याची धूप, वादळी लाटा आणि समुद्राची वाढती पातळी लक्षात घेऊन 'धोका रेषा' आखली जाते. २०११ च्या अधिसूचनेत नियमन क्षेत्र ठरवताना तिला स्थान होते. २०१९ मध्ये ती आपत्ती व्यवस्थापन आणि नियोजनाचे साधन म्हणून उरली; परवानगीची हद्द तिच्यावरून ठरत नाही.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी भरती असल्याने पाण्याचा निचरा होईना. पूर ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. खाडीकाठची मोकळी जागा आणि कांदळवन असे पाणी सामावून घेतात. तिथे भराव पडला, की ते पाणी घरांत शिरते.

कोळ्यांना हक्काचे घर मिळायलाच हवे. पण त्यासाठी दिलेली सवलत मोठ्या इमारतींना आपोआप मिळू नये. नव्या बांधकामाला परवानगी देताना लोकसंख्येच्या आकड्याबरोबर धोका रेषाही पाहणे बंधनकारक हवे. आपल्या गावाचा किनारा आराखडा जनसुनावणीला येईल, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा : या नकाशावर धोका रेषा कुठे आहे, आणि तिच्या आत किती घरे आहेत?