उंचीचे भांडवल

बोरिवलीजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड उभे राहिले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. तेथील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड माबिलार्ड कंपनीने घडविला. त्याच्या आसनांखाली तळ नाही. पाय अधांतरी राहतात. साखळी गाडीला सुमारे ४० मीटर उंच नेऊन सोडते. पुढचा प्रवास त्या उंचीच्या शक्तीवरच होतो. घर्षणाने ती घटत जाते, म्हणून पुढचे चढ ठेंगणे ठेवतात.

कर्जावर उभ्या उद्योगाला व्याज हे असेच घर्षण होय. इमॅजिकाचे कर्ज थकले. २०२२ मध्ये धनकोंशी तडजोड होऊन सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. घरासाठी कर्ज काढतानाही मंजूर रकमेची उंची पाहण्याआधी पुढील हप्त्यांचे चढ मोजावेत.