प्लास्टिकच्या पेटीआडची धातूची भिंत

१९७७ साली अमेरिकेत ॲपल टू आणि टीआरएस-८० हे संगणक घराघरांत शिरले ते प्लास्टिकच्या पेटीतून. प्लास्टिक स्वस्त, हलके, हवा तो आकार घेणारे. पण रेडिओ लहरींच्या लेखी ते नसल्यातच जमा. संगणकाचा क्लॉक सेकंदाला लाखो ठोके देतो. प्रत्येक ठोक्याच्या तीव्र चढउतारातून मूळ वारंवारितेच्या कितीतरी पटींच्या लहरी उमटतात आणि जोडलेल्या तारा त्यांच्या अँटेना होतात. टीआरएस-८०जवळ एएम रेडिओ ठेवला की प्रोग्रॅमगणिक वेगळा आवाज ऐकू येई. काही गेम लिहिणाऱ्यांनी तर त्याचाच ध्वनी म्हणून वापर केला. खेळणाऱ्याची करमणूक झाली, शेजाऱ्याच्या टीव्हीवर मात्र रेघा उमटल्या.

वाहक धातूचा बंद पिंजरा विद्युतक्षेत्राला अडवतो, हे फॅरडेने १८३६मध्येच दाखवले होते. प्रश्न होता तो कोणी, कोणत्या खर्चाने बसवायचा हा. टीव्हीला थेट जोडायच्या उपकरणांसाठी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचे नियम फार कडक होते. म्हणून अटारीने १९७९च्या ४०० आणि ८०० या संगणकांत प्लास्टिकच्या आत जाड, ओतीव ॲल्युमिनियमचे कवच घातले. ॲपलने टीव्हीला जोडणारा मॉड्युलेटर पेटीत ठेवलाच नाही; तो दुसऱ्या कंपनीने वेगळा विकला. नियम टळला. झाकण उघडून कार्डे बसवण्याची सोयही राहिली. यात ॲपलच्या चातुर्यापेक्षा मला नियमातला दोष मोठा वाटतो. त्रास देणारी लहर कुठल्या यंत्रातून निघाली, याच्याशी शेजाऱ्याला काय देणेघेणे?

आयोगाने १९७९मध्ये हा दोष काढला. कार्यालयी यंत्रांसाठी वर्ग ए, घरगुती यंत्रांसाठी अधिक कडक वर्ग बी, आणि दोन्हींना उत्सर्जनाची मोजता येणारी मर्यादा. ती कशी पाळायची, हे उत्पादकावर सोडले. टीआरएस-८०चे पहिले मॉडेल त्यात बसेना. १९८१ उजाडताना ते बंद झाले. पण प्लास्टिक हद्दपार झाले नाही. त्याला आतून निकेलचा रंग, वितळलेल्या जस्ताचा फवारा किंवा निर्वातात बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर मिळाला. खरी कसोटी सांध्यांवर लागली, कारण अरुंद पण लांब फटही अँटेनासारखी वागते. जुन्या संगणकाच्या कडेला दाबल्या जाणाऱ्या स्प्रिंगदार पट्ट्या आणि जवळजवळ बसवलेले स्क्रू दिसतात, ते त्या फटीचे तुकडे करण्यासाठी.

आज हाच प्रश्न स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर पुन्हा उभा करत आहेत. मीडियम वेव्हवर आकाशवाणी लावावी, तर दिवा लागताच खरखर सुरू होते. फिल्टरचे दोन-चार सुटे भाग गाळून वाचवलेले पैसे उत्पादकाच्या खिशात जातात. बिघडतो तो सर्वांच्या मालकीचा रेडिओपट्टा. म्हणून चाचणी कारखान्याने निवडून पाठवलेल्या नमुन्यावर थांबता कामा नये. दुकानाच्या फळीवरून उचललेला माल मोजा, आणि नापास झाला तर ती खेप बाजारातून परत घ्यायला लावा.