खिचडी आणि सही

दादरच्या पुलाखालच्या कुटुंबांना आमच्या सोसायटीतली मंडळी दर गुरुवारी खिचडी वाटतात. मीही वाढायला असतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोला! पण शेजारच्या रिकाम्या इमारतीत रात्रनिवारा होणार म्हणताच विरोधाच्या अर्जावर सह्या झाल्या. त्यात माझीही. कारण काय, तर आपल्या पोरीबाळी येतात-जातात. पुलाखालच्या बाईचीही लेक वयात आलीय; आई रात्रभर जागते.

लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बजावलं. म्हणजे सव्वा कोटीच्या मुंबईत सव्वाशे. ते दुसऱ्याच्याच गल्लीत व्हावेत का? गुरुवारी त्या बाईने विचारलं, "भाऊ, निवाऱ्याचं काय झालं?" मी डावभर खिचडी जास्त वाढली. सोमवारी सही मागे घ्यायला जाणार आहे.