पत्रा कापण्याआधी

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर खडू झिजवलेल्या माणसाने अमेरिकन गाडीच्या टायरवर लिहावं, हे काहींना हास्यास्पद वाटेल. वाटू दे. गेल्या उन्हाळ्यात मिशिगनला पुतण्याकडे दोन महिने होतो, आणि त्यातला निम्मा वेळ त्याच्या गॅरेजात स्टुलावर बसून काढला.

त्याच्याकडे 1966 सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आहे. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. मध्यम गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा तेव्हा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांनी 1964 च्या टेम्पेस्ट लमाँला 389 चं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊन त्याला बगल दिली. (वर्गातली हुशार, व्रात्य मुलं आठवली.) 1966 सालच्या गाडीची ताकद 335 अश्वशक्ती, पण चाकं 14 इंची आणि टायर 7.75 मापाचे! ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, साडेनऊ इंची.

आता पुतण्याला मागे 18 इंची चाकांवर 295 मिलिमीटरचे टायर हवेत. ते मावावेत म्हणून मडगार्डच्या आतला पत्रा कापायचा. त्याचे मित्र म्हणतात, गाडी कशी जमिनीला चिकटून बसल्यासारखी दिसेल. मी तोंड उघडलं तर उत्तर आलं, "काका, तुम्हाला लुक कळत नाही."

लुक नसेल कळत, फूटपट्टी कळते.

‘जशी कारखान्यातून आली तशीच ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचाही मी नाही, हे आधीच सांगतो. तेव्हाच्या टायरमधले धागे एकमेकांवर तिरके विणलेले असत. रस्त्यावरच्या चाकोऱ्या पकडून गाडी भरकटे. एवढ्या ताकदीला ते टायर अपुरेच होते. रेडियल घालाच. जुन्या मापाच्या जवळचा रेडियल म्हणजे 205/75, 14 इंची. त्याऐवजी 15 इंची, 7 इंच रुंद चाकावर 235/60 घातला तर रुंदी 30 मिलिमीटरने वाढते आणि उंची? मी कागदावर गणित केलं. दोन्हीकडे 663 मिलिमीटर येतात. म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. हे गणित पुतण्याला दाखवलं तेव्हा तो दोन मिनिटं गप्प होता.

पण 295? रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्या वळणावर आणि सुसाट सुटताना खरं आहे. पावसात मात्र तोच टायर रुंदीमुळे जास्त पाणी बाजूला सारू पाहतो, ते जमलं नाही की पाण्यावर तरंगतो. पुढेही रुंद चाकं घालून ती बाहेर काढली, तर प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला हिसका देतो आणि बेअरिंगवरचा भार वाढतो तो वेगळाच. शिवाय मोठं, जड चाक थांबवायचं कोणी? त्याच साडेनऊ इंची ड्रमने! ड्रम तापला की फुगतो, बुटांपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक पॉन्टिअ‍ॅकने 1967 पासून ऑप्शन म्हणून दिले. ते या गाडीला बसवण्याचं नाव नाही, आणि खर्च कशावर, तर रुंदीवर. आधी कळस, मग पाया.

आणि पत्रा? पॉन्टिअ‍ॅक हे नावच 2010 साली बंद झालं. सुटा पत्रा नवा मिळेल हो, पण कारखान्यातला मूळ सांधा एकदा कापला की गेला. चाक मात्र पाच बोल्टांवर असतं, उद्या आवडलं नाही तर काढता येतं. न कापता जे मावेल ते खुशाल घाल, असं मी म्हणतो तेव्हा जुनाट ठरतो! साठ वर्षांची गाडी जपणारा पोरगा मला जुनाट म्हणतो, याचीही गंमत वाटते. असो.

पुतण्या हे वाचणार, वहिनीही वाचणार (वहिनी, त्याला रागावू नका, मी रागावतो आहे तेवढं पुरे). पुढच्या शनिवारी कापायचं ठरलंय असं कळलं. बाळा, त्याआधी एक कर. 235 चा एक टायर कोणाकडून तरी मागून आण, मागे बसव, डिकीत दोन मित्र बसवून स्प्रिंग दाब, आणि आत चासीपाशी व बाहेर मडगार्डच्या कडेपाशी किती जागा उरते ते मोज. दोन्ही आकडे मला फोनवर सांग. इकडे रात्र असली तरी चालेल, मी जागाच असतो.