मंदिर नाकारले, धर्मशाळा स्वीकारली

अल क्वोजच्या गोदामांमागील कामगार-निवासांत ज्यांनी आखाती जीवनाची पहिली रात्र काढली, त्यांना डोक्यावरील छताचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. मीही त्यांपैकीच एक. वास्तविक माझी व्यवस्था अन्यत्र ठरली होती. आपल्याच महाराष्ट्रातील चार गृहस्थांनी भाड्याने घेतलेल्या खोलीत मला जागा मिळणार होती. चहा झाला, गाव विचारून झाले, मग आडनाव विचारले गेले. आणि ती जागा आधीच दुसऱ्या कोणाला दिली असल्याचे त्यांना एकाएकी स्मरले. त्या रात्री लोखंडी खाटेच्या वरच्या मजल्यावर पडल्या पडल्या मला बडोदे आठवले.

ते १९१७ साल होते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिक्षण घेतलेले बाबासाहेब बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यास गेले, तेव्हा राहावयाचे कोठे हाच पहिला प्रश्न होता. दैनंदिन दीड रुपया भाड्याने एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून त्यांनी आश्रय घेतला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्या वास्तूचे वर्णन आहे. खाली वृद्ध रखवालदाराचे बिऱ्हाड. वर एक लहानशी शयनखोली, तिला लागून नळाची मोरी आणि उरलेले एकच मोठे दालन, तेही फळ्या, बाके व मोडक्या खुर्च्यांनी भरलेले. दिवे नाहीत, रात्री रखवालदार एक कंदील आणून ठेवी. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याचा हुकूम देऊन गेले. पुढचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

धर्मशाळेचे बांधकामशास्त्र तसे साधे असते. मधे चौक, भोवती ओवऱ्या, पाण्याची सोय आणि रात्री बंद करता येईल असा दरवाजा. सारा प्रश्न त्या दरवाजाचा आहे! पंढरपुरात तर तो प्रश्न शतकानुशतकांचा. चोखोबांची समाधी आहे ती महाद्वारी, नामदेव पायरीजवळ, म्हणजे उंबरठ्याबाहेरच. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. तोपर्यंत पायी वारी करून आलेल्या आपल्या आजा-पणज्यांना देवळात प्रवेश नव्हता आणि इतरांच्या धर्मशाळेतही नव्हता. अशा लोकांसाठी गाडगेबाबांनी १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. परीट कुळात जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या माणसाने लोकांकडून वर्गणी जमवून जागोजाग निवारे बांधले आणि स्वतःच्या नावे काही ठेवले नाही.

स्वतंत्र धर्मशाळा बांधणे म्हणजे वेगळेपणाला मान्यता देणे नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु आषाढाच्या पावसात लेकराला कुशीत घेऊन नदीच्या वाळवंटात बसलेल्या बाईपुढे हा आक्षेप मांडण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

आता खरा मुद्दा. त्र्यंबकेश्वरी चोखोबांचे मंदिर बांधण्याचा विचार आपल्या लोकांत चालला होता, तेव्हा बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे हेच चोखोबांचे खरे स्मारक, असे त्यांचे मत होते. तेच बाबासाहेब १९४८ साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण करतात. आणि १९४९ साली गाडगेबाबा पंढरपूरची धर्मशाळा देऊ करतात, तेव्हा ती पीपल्स एज्युकेशन सोसायटीसाठी स्वीकारतात. संत तोच, नावही तेच. पण मंदिर नाकारले आणि धर्मशाळा स्वीकारली. कारण मंदिरात विद्यार्थी झोपू शकत नाही. वारकऱ्यांच्या पथारीची जागा वसतिगृहासाठी आली.

१९५६ नंतर आपला पंढरपुराशी संबंध काय, असे आपले तरुण विचारतात. विठ्ठलाशी नसेल, पण निवाऱ्याच्या दानाशी आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दगडी बाके आणि पाण्याची टाकी पाहा. व्यापाऱ्यांनी आणि साध्या गृहस्थांनी भिक्खूंच्या निवासासाठी दिलेली ती दाने आहेत, आणि दात्यांची नावे शिलालेखांत आजही वाचता येतात. ती लेणी आज संरक्षित आहेत. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने २०२२ साली बडोद्याची संकल्पभूमी आणि बाबासाहेब जेथे शिकले ती साताऱ्याची शाळा यांनाही राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके घोषित करण्याची शिफारस केली. याचा मला आनंदच आहे. मात्र संरक्षण म्हणजे कुलूप आणि फलक, ही समजूत मला मान्य नाही.

जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे याकोब फुगर या सावकाराने १५२१ साली गरिबांसाठी वसविलेली फुगराई ही वसाहत पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात ती मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाली व पुन्हा बांधली गेली. वर्षाचे भाडे आजही एक युरोपेक्षा कमी. अट मात्र आहे, रहिवासी कॅथलिक असावा आणि त्याने रोज तीनदा प्रार्थना करावी. तेथेही दरवाजावर प्रश्न विचारला जातोच. तरीही पाचशे वर्षांनंतर तेथे गरीब माणूस राहतो आणि म्हणून ती वास्तू जिवंत आहे.

आपल्या मंडळात दरवर्षी पुतळ्यासाठी, कमानीसाठी वर्गणी होते. मी देतो, पुढेही देईन. पण पंढरपूरच्या त्या वास्तूची मोजमापे, छायाचित्रे आणि तेथे राहून शिकलेल्यांच्या आठवणी आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहेत? मंडळात वास्तुविशारद आहेत, बांधकामावर आयुष्य घालविलेले गवंडी व सुतार तर कितीतरी आहेत. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी दोन दिवस पंढरपुरासाठी काढावेत, नकाशा आखावा, आणि तेथील विद्यार्थ्यांना कशाची गरज आहे ते प्रथम विचारावे. माझी सुट्टी यंदा आषाढातच आहे. मोजपट्टी मी घेऊन जाणार आहे. दुसरे टोक धरावयास कोणी तरी हवे.